एकोणिसावा प्रश्न

लक्षणवाचक यंत्राने पहिल्या अठरा प्रश्नांना हिरवा दिवा दिला, एकोणिसाव्याला लाल, आणि उरलेल्या आठांना पुन्हा हिरवा. डॉ. रेवती साळसकरांनी भुंगेरा चिमट्याने उचलला, काच पुसली आणि भुंगेरा परत ठेवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःचा चष्मा पुसला. यंत्राला त्याचे काही वाटले नाही.

पडद्यावर अक्षरे उमटली : ‘सत्तावीसपैकी सव्वीस. ही प्रजाती नव्हे.’

सकाळचे साडेअकरा वाजले होते. संध्याकाळी पाचला त्यांना जागा मोकळी असल्याच्या दाखल्यावर सही करायची होती आणि उद्या सकाळी सातला वेळशेतच्या सड्यावर पहिला सुरुंग उडणार होता.

सडा म्हणजे मैलभर पसरलेला उघडा जांभा दगड. नकाशात तो रिकामा दिसतो, आणि नकाशात रिकामी दिसणारी जागा सरकारला फार दिवस बघवत नाही. तिथे अग्निबाणांचा प्रक्षेपणतळ व्हायचा होता. सगळ्या परवानग्या मिळाल्या होत्या. अडचण एकच उरली होती आणि तिला सहा पाय होते.

वेळशेत भूभुंगेरा. काळा, बोटाच्या पेराएवढा, पंखकवचे पाठीवर जुळून गेल्यामुळे उडता न येणारा. प्रजातीनोंद कायद्याप्रमाणे नोंदलेली प्रजाती जिथे राहते तिथे कुदळ मारता येत नाही. मात्र तीच प्रजाती दुसऱ्या जागी नांदू लागली, तर पहिली जागा मोकळी होते. आणि प्रजाती तीच की दुसरी, हे ठरवायचे ते खांडेपारकर सूचीवरून.

ही सूची खांडेपारकर सरांनी चाळीस वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसाठी लिहिली. एकशे बारा भूभुंगेरे, आणि प्रत्येकासाठी सत्तावीस प्रश्न. मिशांना पेरी किती? डोळ्यावर उभे केस एक की दोन? पुढच्या पायावरची, मिशा विंचरायची खाच नेमकी कुठे? पंखकवचावर रेघा किती? पुढे कायदा करणाऱ्यांना कुठलेतरी प्रमाण पुस्तक हवे होते. हे त्यांनी वाचलेले नव्हते, त्यामुळे ते एकमताने मंजूर झाले. सोबत दोन कलमेही आली. सूचीत प्रश्न वाढवता येईल, कमी करता येणार नाही. आणि एक जरी प्रश्न चुकीचा ठरला, तरी सगळी सूची बाद.

“मॅडम, मशीनशी कशाला भांडताय?” निनाद घैसास खुर्चीत रेलून म्हणाला. प्रक्षेपणतळाच्या रूपजनन विभागाचा तो प्रमुख. एके काळी एम.एस्सी.ला रेवतीबाईंच्याच हाताखाली होता आणि भुंगेऱ्याच्या मिशांची पेरी दर वेळी दहा मोजायचा. ती अकरा असतात.

त्याच्यासमोरच्या काचेच्या पेटीत दोनशे भुंगेरे इकडून तिकडे धावत होते. सकाळपासून त्यांतले चाळीस तपासून झाले होते. चाळीसही सत्तावीसपैकी सत्तावीस.

“मला पुन्हा एकदा सांग,” रेवतीबाई म्हणाल्या. “हे तू बनवलेस कसे?”

“वाढवले म्हणा. बनवले म्हटलं की आमचे जनसंपर्कवाले रागावतात. पूर्वी लोक जनुकांवरून रूप शोधायचे. आम्ही रूपावरून जनुकं शोधतो. तुमच्या संग्रहालयात या प्रजातीचे पाच नमुने आहेत, शंभर वर्षांचे. त्यांच्यातली जनुकं केव्हाच कुजली. पण रूप शाबूत! ते आम्ही कणाकणाने वाचलं. मग यंत्राला विचारलं, जवळच्या एखाद्या जिवंत भुंगेऱ्याच्या जनुकांत काय काय बदललं म्हणजे नेमकं हेच शरीर उगवेल? तीन वर्षं लागली त्याला उत्तर द्यायला. पण हे बघा, खातात, पळतात, अंडी घालतात.”

“आणि नमुन्यावर एखादी गोष्ट मुळात शरीराची नसेलच तर?”

“म्हणजे धूळबीळ? ती गाळतो की. पाचांतल्या एकावर असेल तर टाकून देतो. पण पाचांवरही, एकाच जागी, एकाच मापाचं काही असेल तर ते शरीराचंच. साधा हिशेब आहे.”

“हं.”

“मॅडम, तुम्ही सड्यावर जिवंत पकडलेले तीन भुंगेरे मला मान्य आहेत. पण तुमचंच यंत्र म्हणतंय, ते हे नव्हेत. कुणीतरी लांबचे चुलत असतील. त्यांची नोंद नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सड्यावर कुणी राहतच नाही. पाचला सही करा, मी पेढे घेऊन येतो.”

फोन वाजला. वेळशेतच्या सुगंधा गोरिवले. सड्यावर प्लास्टिकचे पेले जमिनीच्या पातळीला पुरून भुंगेरे पकडायचे काम त्यांचे. गावाची विहीर त्याच सड्याच्या पोटातल्या झऱ्यावर भरत असल्यामुळे हे काम त्यांनी फारच मनावर घेतले होते.

“म्याडम, गाड्या आल्या हायत. सड्यावर चुन्यानं फुल्या मारतायत. माज्या पेल्यांवर पन मारल्यानी.”

“पाचपर्यंत थांबा, सुगंधाताई.”

“मी थांबंन. त्यांची मशनी थांबंल काय?”

रेवतीबाईंनी फोन ठेवला आणि एकोणिसावा प्रश्न मोठ्याने वाचला. “उजव्या पंखकवचावर, तिसऱ्या रेघेशी, एक गोल खळगा आहे काय?”

त्यांनी निनादचा एक भुंगेरा भिंगाखाली घेतला. खळगा होता. उजव्या कवचावर, तिसऱ्या रेघेशी, गोल. डाव्या कवचावर काही नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला. तेच. मग सड्यावरचा घेतला. दोन्ही कवचे सारखी, रेघा सरळ, खळग्याचा पत्ता नाही.

गेली तीस वर्षे हा प्रश्न त्यांनी विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतला होता. आज पहिल्यांदाच त्यांना तो विचित्र वाटला. भुंगेरा म्हणजे मधोमध घडी घालून कापलेला कागद. जे उजवीकडे तेच डावीकडे. आणि हा खळगा मात्र फक्त उजवीकडे?

त्यांचा हात आपोआप टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीकडे गेला आणि तिथेच थबकला.

“निनाद, तू कधी भुंगेरा टोचलायस?”

“छे! आमच्या बॅचपासून सगळं स्क्रीनवर आलं ना.”

“बस तू. मी सरांना भेटून येते.”

खांडेपारकर सर शहाऐंशी वर्षांचे होते. निवृत्त होऊन पंचवीस वर्षे झाली होती, पण ही बातमी संस्थेने त्यांना कळवली आणि त्यांनी ती मनावर घेतली नाही. रोज दहाला ते येत आणि नमुन्यांच्या कपाटांच्या खोलीत खिडकीशी बसत. रेवतीबाई आल्या तेव्हा ते डब्यातली थालीपिठे संपवत होते.

“सर, भुंगेरा कुठून टोचायचा?”

“हे विचारायला आलीस? उजव्या पंखकवचातून. वरच्या बाजूला, मधल्या शिवणीपासून जरा दूर. म्हणजे एक बाजू खराब झाली तरी डावी बाजू धड राहते. साऱ्या जगात तशीच पद्धत आहे. डावीकडून टोचलास म्हणून मी तुझ्या बोटांवर पट्टी मारली होती.”

“दोनदा. सर, ते पाच नमुने टाचणीवर नाहीत. कार्डावर चिकटवलेले आहेत.”

सरांनी डब्याचे झाकण लावले. ते नीट बसेना. काढून पुन्हा लावले.

“पितळेच्या टाचण्या होत्या त्यांना,” ते म्हणाले. “गंजतात, हिरव्या पडतात, नमुना फुटतो. माझ्या आधी कुणीतरी त्या काढल्या आणि भुंगेरे कार्डावर चिकटवले. भोकं आक्रसली. मी बघितलं तेव्हा खळगा दिसत होता. पाचांवर, एकाच जागी. मी काय समजणार? जिवंत भुंगेरा मी जन्मात पाहिला नव्हता.”

“तुम्हाला कळलं कधी?”

“कायदा व्हायच्या आदल्या वर्षी. नवं भिंग आलं होतं, त्यात खळग्याच्या कडेला हिरवा डाग दिसला. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करणार होतो. त्याआधी कायदा झाला.” त्यांनी डबा पिशवीत ठेवला. “तू आता पाचला जाहीर करणार असशील. कर. माझ्या नावाची काळजी करू नकोस, ते आता किती दिवस वापरायचं आहे?”

“नावाचं नाही हो, सर. प्रश्न चुकीचा म्हटला की सूची बाद. सूचीबरोबर एकशे बारा प्रजातींची नोंद जाते. एक सडा वाचवायला जाऊ आणि कोकणातले सगळे सडे मोकळे करून देऊ.”

“आणि बोलली नाहीस तर?”

“तर उद्या सातला वेळशेत.”

भिंतीवरचे घड्याळ अडीच दाखवत होते. ते दहा मिनिटे मागे होते.

रेवतीबाई येरझाऱ्या घालू लागल्या. सूची खोटी म्हणता येत नाही. मग ती खरी धरायची. खरी धरली तर सड्यावरचा भुंगेरा हा वेळशेत भूभुंगेरा नव्हे. एकशे बारांपैकी कुणीच नव्हे. मग तो कोण?

त्या थांबल्या. “सर, सूची बरोबर आहे.”

“नाही गं. आत्ताच तर सांगितलं.”

“कायद्याने बरोबर आहे. म्हणजे हा कुणीतरी नवाच आहे. एकशे तेरावा. नव्या प्रजातीच्या नोंदीला काय लागतं? वर्णन, एक वेगळेपण आणि टाचणीवर लावलेला एक प्रमाण नमुना. नोंद झाल्या क्षणी जमीन बंद. आणि निनादचे भुंगेरे ही दुसरीच प्रजाती आहे, असं निनाद सकाळपासून स्वतःच सांगतोय. म्हणजे हा दुसरीकडे कुठे नांदत असल्याचा प्रश्नच नाही.”

“वेगळेपण काय लिहिशील?”

“उजव्या पंखकवचावर खळगा नाही.”

सर हसले. “म्हणजे, अजून कुणी टोचलेला नाही.”

साडेचारपर्यंत वर्णन लिहून झाले. सड्यावरच्या तिनांपैकी एक भुंगेरा औषधाच्या बाटलीत गेला. ज्याच्यासाठी एवढे चालले होते त्यालाच मारावे लागते, हे रेवतीबाईंना तीस वर्षांत अंगवळणी पडले नव्हते. पाचला अकरा मिनिटे असताना त्यांनी नमुना ठोकळ्यावर ठेवला, टाचणी उचलली आणि हात सरावाने उजव्या पंखकवचावर गेला.

“थांब!” सर इतक्या जोरात ओरडले की टाचणी खाली पडली. “नोंद करण्याआधी यंत्र हा टोचलेला नमुना तपासतं ना?”

“हो.”

“उजव्या पंखकवचावर, तिसऱ्या रेघेशी, एक गोल...”

रेवतीबाईंनी हात मागे घेतला. आणखी अर्धा इंच, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने एकशे तेराव्याचा जुना वेळशेत भूभुंगेरा केला असता. नोंद नामंजूर झाली असती आणि निनादच्या दोनशे भुंगेऱ्यांमुळे सडा मोकळा झाला असता.

सरांनी खाली पडलेली टाचणी शोधली. वाकायला त्यांना वेळ लागला. ती रेवतीबाईंच्या हातात देऊन ते म्हणाले, “डावीकडून टोच.”

त्यांनी डावीकडून टोचला. सरांच्या हातात पट्टी नाही ना, हे आधी बघून घेतले.

निनादच्या डोळ्यांदेखत यंत्राने सत्तावीस प्रश्न विचारले. डाव्या कवचाबद्दल त्यातला एकही नव्हता. एकोणिसाव्याला लाल दिवा लागला आणि खोलीत या वेळी कुणाला तरी बरे वाटले.

‘सत्तावीसपैकी सव्वीस. नोंदलेल्या कोणत्याही प्रजातीशी जुळत नाही. नवी नोंद मंजूर. वेळ : चार वाजून अठ्ठावन्न मिनिटे.’

रेवतीबाईंनी वेळशेतला फोन लावला. “सुगंधाताई, गाड्या परत पाठवा. कागद पाठवलाय.”

“पाठवते. पन चुन्याच्या फुल्या कोन पुसनार?”

निनादने खांदे उडवले. तो मुळात वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला नेहमीच घाई असे. “ठीक आहे, मॅडम. तळाची तारीख दोन वर्षं पुढे जाईल. मग हाच भुंगेरा वाढवू आम्ही. नोंदलेल्या प्रजातीचे नमुने मागितल्यावर द्यावे लागतात तुम्हाला, नियम आहे. एक चालणार नाही, पाच लागतील.”

रेवतीबाई काही बोलायच्या आत सर म्हणाले, “पाच देऊ की. मी स्वतः टोचून देतो. डावीकडून.”

“सर, टाचणी मध्ये आली की वाचताना त्रास होतो हो.”

“मग काढून देऊ. कार्डावर चिकटवून. तुम्हाला वाचायला सोपं.”

“थँक यू, सर!” निनाद वाकून त्यांच्या पाया पडला आणि भुंगेऱ्यांची पेटी उचलून निघून गेला.

दार लागल्यावर सरांनी सूचीची स्वतःची जीर्ण प्रत काढली, शेवटचे पान उघडले आणि पेन्सिलीला टोक केले. सत्ताविसाव्या प्रश्नाखाली त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिले :

‘२८. डाव्या पंखकवचावर खळगा आहे काय?’

“आत्ता नको, सर,” रेवतीबाई म्हणाल्या. “आधी त्याचे नवे दोनशे होऊ देत.”