वाचनालयाची हरवलेली पट्टी

"या कॉम्प्युटरले नाव काय देऊ?" हरिओमनं विचारलं. पडद्यावर रिकामी चौकट वाट पाहत होती.

"काहीही दे. पण आधी हात धू," आसमा म्हणाली.

सकाळपासून ती सगळ्यांना हेच सांगत होती. हिवरा आश्रमाजवळच्या त्यांच्या खेड्यात एका खोलीचं वाचनालय होतं आणि तिथला हा कॉम्प्युटर गावानं मेला म्हणून सोडून दिला होता. गावाची ऑनलाइन कामं करणाऱ्या कडूबानं तो तपासला होता आणि मदरबोर्ड जळाला, असा निकाल दिला होता. सोमवारी तो भंगारात जायचा होता. पण सुट्टीत आसमाच्या मतीनमामानं खामगावहून एक पेनड्राइव्ह पाठवला. त्यात लिनक्स होतं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, कुणीही फुकट वापरावं आणि दुसऱ्यालाही द्यावं असं. मग आसमा, हरिओम आणि दहा वर्षांची छकुली या तिघांनी वाचनालयाच्या पुष्पांजलीताईंकडून सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

सकाळी कॅबिनेट उघडल्याबरोबर आसमा दोन पावलं मागे सरली होती. पंख्यात झुरळांचे तुटके पाय, तळाशी उंदराच्या लेंड्या आणि कोपऱ्यात जिवंत झुरळांची वळवळ. छकुलीनं न डगमगता ती बरणीत भरली. आसमानं नाकाला ओढणी बांधून ब्रश फिरवला. मेमरीची एक पट्टी खाचेतून निसटलेली दिसली. ती दाबून बसवली आणि यंत्र सुरू झालं! मदरबोर्ड जळालेला नव्हताच.

लिनक्स बसवायला तासभर लागला. मग त्यांनी भाषा मराठी केली, कीबोर्ड मराठी केला, घड्याळ लावलं, मोबाइलच्या नेटवरून अपडेट घेतले. सगळं छान चाललं होतं. पण एकाच वेळी दोन गोष्टी उघडल्या की यंत्र गोठायचं.

आसमानं यंत्राची माहिती उघडून पाहिली. मेमरी दोन जीबीलाही थोडी कमी होती. ताईंच्या साहित्य नोंदवहीत मात्र दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या लिहिल्या होत्या. ताईंना खुर्चीपासून शाईच्या पॅडपर्यंत सगळ्यावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवायची सवय. कॉम्प्युटर आला त्या दिवशी त्यांनी तो उघडायला लावून आतल्या भागांवरही चिठ्ठ्या लावल्या होत्या. आत होती ती पट्टी ७/१. मग ७/२ कुठं गेली?

तिघांनी बटण बंद करून पुन्हा कॅबिनेट उघडलं. शेजारची खाच रिकामी होती. तिच्या कडेला काळपट लाल शिंतोडे वाळले होते, त्यात सुपारीचा तुकडा चिकटलेला. तोंडात गुटखा असताना कुणीतरी इथं वाकलं होतं आणि बोललंही होतं. आसमाच्या अंगावर शहारा आला. झुरळांना निदान आपण काय करतो ते कळत नाही, असं तिला वाटलं.

कडूबाशिवाय या यंत्राला कुणी हात लावला नव्हता. पण ताई म्हणाल्या की गुटखा अर्धं गाव खातं, पुराव्याशिवाय कुणावर आळ घेता येणार नाही. हरिओम सरळ जाऊन जाब विचारायला निघाला.

"थांब बे," आसमा म्हणाली. "विचारलं तर तो लपवीन. त्यानं सोताच्या हातानं काढली पायजे."

तेव्हा छकुलीला आठवलं की एका लग्नाच्या पंगतीत झुरळ दिसल्यावर कडूबा खुर्चीवर चढून उभा राहिला होता. तिनं बरणीकडे पाहिलं. आसमानंही.

कडूबाच्या दुकानात गावातल्या गोजरबाई फॉर्म भरून घ्यायला कागदांची पिशवी घेऊन ताटकळत बसल्या होत्या. भिंतीचा कोपरा लाल झाला होता आणि आंबट वास सुटला होता. आसमानं श्वास रोखून बरणी टेबलावर ठेवली. ताई दारातच थांबल्या.

वाचनालयाच्या कॉम्प्युटरमध्ये ही झुरळं निघाली, असं आसमानं सांगितलं. पट्टीखाली अंडी चिकटलेली असतात, त्यातला एखादा भाग दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये गेला तर तिथंही झुरळंच झुरळं होतील.

कडूबा हसला. मग त्याचं चघळणं थांबलं. पाय वर घेत तो म्हणाला की त्याला काय करायचंय. दोन मिनिटं तो गोजरबाईंच्या कागदांत डोकं घालून बसला, पण नजर पुन्हा पुन्हा स्वतःच्या कॅबिनेटकडे जात होती. शेवटी त्यानं बटण बंद केलं, पंखा साफ करायचाच होता असं पुटपुटत झाकण काढलं, आणि एक पट्टी उपसून उजेडात उलटीपालटी करून पाहू लागला.

"सात बटा दोन," ताईंनी दारातूनच वाचलं. "माझं अक्षर आहे ते, कडूबा."

कडूबाचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. मग तो ओशाळं हसत म्हणाला, "भंगारातच चालला होता ना तो? कामात आणली त बिघडलं काय?"

"भंगारात काऊन चालला होता?" आसमा म्हणाली. "तुम्हीच मेला म्हणून सांगतलं, काका."

कडूबानं पट्टी पुढे केली. त्याची बोटं लाल होती. आसमानं कागद पसरला आणि त्यावर ठेवायला सांगितलं.

पट्टी पुसून परत खाचेत बसवल्यावर यंत्र गोठेनासं झालं. संध्याकाळी सरपंच भागवतराव वाचनालयात आले. त्यांनी भंगाराचा ठराव रद्द केला, लोकांसमोर कडूबाला माफी मागायला लावली आणि तिघांची पाठ थोपटली. त्या ठरावावर आपण न बघता सही केली, हेही त्यांनी कबूल केलं. सगळे टाळ्या वाजवत होते, पण आसमा पुन्हा हात धुवायला गेली. तिसऱ्यांदा साबण लावूनही हात स्वच्छ वाटत नव्हते.

ती हात पुसत होती तेव्हा गोजरबाई पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. कडूबाकडे तीन खेपा झाल्या होत्या, तिथल्या वासानं घरी जाऊन जेवण जात नव्हतं, असं त्या म्हणाल्या.

"पोरी, माहा फारम तू भरतं का?"

आसमानं खुर्ची पुढे सरकवली, कीबोर्ड मराठीवर घेतला आणि गोजरबाईंचं नाव विचारून पहिलं अक्षर दाबलं.