जनार्दनकाकांचा वन्स मोअर

आईशपथ, ही गोष्ट खरी आहे. शब्द न् शब्द. म्हणजे मी स्वतः तिथे नव्हतो, आणि ज्या जनार्दनकाकांनी मला सांगितली ते मीठमसाला लावल्याशिवाय आजचं हवामानही सांगत नाहीत. पण चर्च खरं आहे. मघाशी डावीकडे गेलं ना, गायींच्या मधोमध, लाल पत्र्याचं? तेच. आता एकच अट. गोष्ट संपेपर्यंत खोकायचं नाही. जो खोकेल त्यानं पुढच्या डेअरीवर आईस्क्रीम द्यायचं. का ते कळेल. काच वर घे, गार वारा येतोय.

तर जनार्दनकाका. पुण्यात वीज मंडळात नोकरी केली, पण जीव सगळा संगीत नाटकात. कॉलनीच्या गणपतीत दर वर्षी नाटक, आणि दर वर्षी काका भालदार. हातात भाला, वाक्य एकच, 'महाराज येत आहेत.' गाणं त्यांना कधी कुणी दिलं नाही, कारण काका गायला लागले की लोक कुकरची शिट्टी समजून गॅस बंद करायला उठायचे. मग त्यांनी दुसरं खातं सांभाळलं. दाद द्यायचं. पद रंगलं की पहिला 'वन्स मोअर' काकांचा, तोही स्टेजवरूनच, भाला वर करून. महाराजांना मुकाट्यानं पद परत म्हणावं लागायचं.

काकू गेल्या आणि लेक त्यांना इकडे हॅमिल्टनला घेऊन आली. लेक म्हणजे स्वानंदी. दिवसा एका दूधवाल्या कंपनीत सॉफ्टवेअर बघते आणि तेव्हा रविवारी त्या चर्चमधल्या क्वायरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या चमूत, गायची. तीन वर्षं मागच्या रांगेत उभं राहिल्यावर तिला पहिल्यांदा सोलो मिळाला होता. कुणा जुन्या जर्मन ऑर्गनवाल्यानं मेलेल्यांसाठी लिहिलेली प्रार्थना. लॅटिनमध्ये आहे, पण अर्थ सोपा. आता यांना शांत झोपू दे. बास.

प्रोग्रॅमच्या आधीची शेवटची प्रॅक्टिस होती. काकांना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, कारण मागच्या वेळी त्यांनी लाइट समजून अलार्मचं बटण दाबलं आणि सिक्युरिटीवाल्याला चहा पाजून परत पाठवला. म्हणून काका पण गाडीत. कानटोपी, दोन स्वेटर, मांडीवर थर्मास. वाटेत स्वानंदीनं बजावून सांगितलं की वाहवा नाही, मांडीवर ठेका नाही, आणि टाळ्या तर अजिबात नाहीत, मधेही नाहीत आणि शेवटीही नाहीत.

"मग गाणाऱ्याला कळणार कसं, चांगलं झालं ते?" काका म्हणाले.

"बाबा, चर्च आहे ते. देवाला कळतं."

"देव काय, कुणालाही छान म्हणतो."

चर्च आतून लाकडाचं, आणि बाहेरपेक्षा गार. ओल्या लोकरीचा वास, त्यात विझलेल्या मेणबत्त्यांचा. बाहेर दुपार उलटून गेलेली, जुलैचा, म्हणजे इथल्या हिवाळ्यातला, मळका उजेड. क्वायर बसवणारी बाई डोरीन, सत्तरीची, पायात लोकरी मोजे आणि त्यावर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. ब्रेकमध्ये तिनं काकांना चहा दिला आणि त्यांची टाळ्यांची तक्रार ऐकून हसली. म्हणाली, तिकडे युरोपात पूर्वी लोक कॉन्सर्टमध्ये खायचे, गप्पा ठोकायचे, आवडलं की मधेच थांबवून तेच परत वाजवायला लावायचे. पुढे सगळे शहाणे झाले, गप्प बसायला शिकले. चर्चमध्ये मात्र टाळ्या तेव्हाही चालत नसत. मग लोकांनी पळवाट काढली. गाणं आवडलं की खोकायचं. खाकरायचं, नाक शिंकरायचं, बूट घासायचे. जितका खोकला तितकं गाणं चांगलं.

काका एकदम खूश. "म्हणजे खोकून दाद!"

"आणि हे बाक तिथलेच आहेत," डोरीन म्हणाली. "इंग्लंडमधलं एक जुनं चर्च पाडलं, त्यातले. बोटीनं आले."

हे ती सहज बोलली, बिस्किट बुडवता बुडवता. काकांनीही सहज ऐकलं आणि सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसले. समोर दहा रिकामे बाक, त्यापलीकडे क्वायर.

स्वानंदीचा सोलो सुरू झाला. आता काका बाप आहेत, त्यांचं सोडून दे. पण म्हणे बाहेरच्या गायीसुद्धा रवंथ करायच्या थांबल्या. शेवटचा सूर छपराला लागला, तिथेच जरा रेंगाळला आणि विरला. काकांचे हात आपोआप वर गेले, त्यांनी ते स्वेटरखाली दाबले. मग त्यांना डोरीनचं बोलणं आठवलं आणि ते अगदी सभ्यपणे खोकले.

समोरच्या रिकाम्या बाकावरून कुणीतरी खोकलं.

काकांना वाटलं, आवाज घुमला. मग डावीकडून खाकरणं आलं. मग एक बायकी, रुमालातलं. मग पायाखालच्या फळ्यांवर बूट घासल्याचा आवाज, पुढून मागे सरकत येणारा, जसं पद रंगलं की अख्खं थेटर हलतं. आता दुसरा कुणी असता तर उठून पळाला असता. पण काकांना इतक्या वर्षांनी हाउसफुल प्रेक्षकांत बसल्यासारखं वाटलं, आणि त्यांचा हात भाला धरल्यासारखा वर गेला.

"वन्स मोअर!"

म्हणजे बघ. आत्ता कुठे झोपवलेल्यांना उठवा आणि पुन्हा झोपवा.

सगळा क्वायर हसला. डोरीन म्हणाली, "स्वीट ॲज, जनार्डन," म्हणजे इथल्या भाषेत झकास, "पण पुढचं घेऊ या." साथीच्या ऑर्गनवाल्यानं पान उलटलं. आणि स्वानंदी परत गायला लागली. तोच सोलो, ऑर्गनशिवाय, पहिल्यापासून.

लोकांना वाटलं, बापाचं मन राखतेय. संपल्यावर बाकांवरून खोकल्याची लाट आली, आणि आता ती सगळ्यांनी ऐकली. लाट ओसरायच्या आत स्वानंदीनं पुन्हा सुरुवात केली. नंतर पुन्हा. चेहरा जसाच्या तसा, फक्त डोळे काकांवर खिळलेले. मधे श्वास घ्यायच्या जागा होत्या, त्या जागांवर ती श्वास घेत नव्हती. ओठांचा रंग उडत चालला होता. डोरीननं तिचा दंड धरला आणि चटका बसल्यासारखा सोडला.

"कोण... कोण खोकतंय?" डोरीन पुटपुटली. क्वायरमधला जो तो स्वतःचं तोंड हातानं झाकून उभा होता, म्हणजे आपण नाही हे दुसऱ्याला दिसावं.

आवाज फाटायला लागला होता. तरी दाद वाढतच होती. गाणं तुटलेलं चालतं त्यांना, थांबलेलं चालत नाही, हे काकांच्या लक्षात आलं. आणि हेही, की वन्स मोअर आपणच दिलाय, परत घ्यायची सोय नाही. नाटकात पडदा पाडता येतो. इथे पडदा कुठला? मग काकांना एकच गोष्ट आठवली. मैफल कितीही रंगो, भैरवी झाली की संपली. भैरवीनंतर कुणी गात नाही, आणि कुणी मागतही नाही.

पण ती म्हणणार कोण?

काका उठले. दोन स्वेटर, कानटोपी. मधल्या वाटेनं पुढे चालत गेले. दोन्ही बाजूंनी बूट आत ओढून घेतल्याचा आवाज, वाट द्यावी तसा. स्वानंदीच्या शेजारी उभे राहिले, एक हात कानावर ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा लोकांसमोर गायले. भैरवी. म्हणजे त्यांच्या मते भैरवी. सूर एकीकडे, काका दुसरीकडे, आणि मधोमध बिचारी लेक, अजून लॅटिनमध्ये गाणारी.

संपलं तेव्हा स्वानंदी गप्प होती. तिनं एक लांब, घरघरता श्वास घेतला आणि खालीच बसली. "बाबा..." एवढंच म्हणाली, तेही नुसत्या हवेनं.

बाकांवर चिडीचूप. एक खोकला नाही, एक बूट नाही. आयुष्यातलं पहिलं गाणं सपशेल पडलं, आणि काका म्हणतात, इतका आनंद पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता.

मग कुणी थर्मास शोधत बसलं नाही. सगळे भराभर बाहेर पडले. काका सगळ्यात शेवटी. दार ओढून घेताना त्यांनी एकदा मागे बघितलं.

पहिल्या बाकावरून कुणीतरी खोकलं. एकच. बारीक, मनापासून.

स्वानंदी ठीक आहे. आवाज परत आला, आता पापाटोएटो उपनगरातल्या भजनी मंडळात गाते, तिथे टाळ्या चालतात. काका पुण्याला गेले. पहाटे भैरवी म्हणतात. संपली की हात कानावर तसाच ठेवून जरा वेळ ऐकतात, मान डोलावतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. सोसायटीनं दोनदा नोटीस लावली. मी फोनवर म्हटलं, "काका, नका ना गाऊ." तर म्हणाले, "अरे, मी कुठे गातोय... ते मागतायत."

झाली गोष्ट. आणि ती बघ, डेअरी पण आली. उतर, आईस्क्रीम तुझ्यावर.

असं काय करतोस? भैरवीच्या वेळी खोकलास की, मी स्पष्ट ऐकलं. तू नाही? मग कोण, मी? मी तर बोलत होतो. मागून आला म्हणतोस... मागे तर कुणीच नाहीये. मी बघितलं आरशात, आत्ताच, दोनदा.

बरं, वाद नको. ठरलं म्हणजे ठरलं, काढ पाकीट. आणि दोन नको आणूस. तीन आण.