पहिली झेंडी

पुसदला रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या सात बायकांची दर जानेवारीत एक सहल निघते. या वर्षी विमलताईंनी फुलसावंगीचं नाव काढलं. तिथं शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, शेवटच्या दिवशी घोड्यांची शर्यत होती, आणि गाव त्यांच्या माहेरचं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, काठी टेकत लंगडत चालणाऱ्या विमलताई पटाच्या दिवसांत मात्र तिकडं कधी फिरकल्या नव्हत्या. त्या सातांतल्याच साधनाबाईंना नवल वाटलं, पण त्यांनी विचारलं नाही. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यावर त्यांना घाई कशाचीच उरली नव्हती.

ड्रायव्हर देवीलालच्या गाडीतून सगळ्या दहाच्या सुमारास पोचल्या. गाणी म्हणून म्हणून त्यांच्यातल्या दीपाचा आवाज बसला होता. विमलताईंचे भाचे विठ्ठलराव वाट बघत उभे होते. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून मोकळ्या केलेल्या लांबलचक शेतात दोन्ही बाजूंनी दोर बांधले होते. त्यांनी दोराबाहेर, शर्यतीच्या वाटेच्या बरोबर मधोमध, बाभळीखाली सतरंजी अंथरली, वाफवलेल्या तुरीच्या शेंगांचं टोपलं पुढं ठेवलं आणि म्हणाले, "आत्या, तुले इथून सारं दिसते."

ऊन कोवळं होतं. भाकरी, झुणका, ठेचा. वर भोंग्यावरच्या माणसाची अखंड बडबड. शेवटच्या रेषेजवळ मोठ्या आकड्यांचं घड्याळ होतं. झेंडी पडली की ते सुरू व्हायचं आणि रेषेवरून घोडा गेला की आपोआप थांबायचं. साधनाबाईंना ते फार आवडलं.

पहिल्या शर्यतीचे पाच घोडे उभे राहिले. झेंडी पडली. एकही घोडा हलला नाही. सवारांनी लगाम खेचूनच धरले होते. भोंगा गप्प झाला. थोड्या वेळानं झेंडी पुन्हा वर गेली, पुन्हा पडली, आणि या वेळी पाचही उधळत सुटले.

"हे काय? सुरुवात चुकली का?" साधनाबाईंनी विचारलं.

"नाही बाई," विठ्ठलराव म्हणाले. "पयली झेंडी आमी रिकामीच सोडतो. माह्या जन्माच्या आंधीपासून चालू आहे."

"कोणासाठी?"

"पद्धत आहे," म्हणत त्यांनी शेंगा पुढं सरकवल्या.

गावोगावी अशा पद्धती असतात. साधनाबाईंनी शेंग सोलली. पण दुसऱ्या शर्यतीच्या वेळी त्यांची नजर घोड्यांऐवजी घड्याळाकडं गेली. रिकामी झेंडी पडली, आकडे पळू लागले, आणि एकेचाळीस सेकंद वीसवर थांबले. रेषेवर कोणी नव्हतं. रेषेवरून पान उडालं असेल, त्यांना वाटलं.

तिसऱ्या शर्यतीला पुन्हा एकेचाळीस वीस.

चौथ्या वेळी त्यांनी सतरंजीची कड दुमडून मातीवर तळहात टेकवला. झेंडी पडली. आधी काहीच नाही. मग हाताखाली ठोका लागला, लांबून जवळ येणारा, चार टापांचा. रांगेत उभ्या घोड्यांचे कान टवकारले. त्यांच्या माना एकदमच वळत गेल्या. साधनाबाईंच्या पदराचं टोक उडालं आणि पडलं. बाभळीचं एकही पान हललं नव्हतं. नाकात घामेजलेल्या जनावराचा उबदार वास भरला आणि विरला.

एकेचाळीस वीस.

त्यांनी दीपाकडं पाहिलं. दीपा मोबाईलवर फोटो काढत होती. मग विमलताईंकडं पाहिलं. त्या शांतपणे शेंगा सोलत होत्या. खात नव्हत्या, दाणे पदरात साठवत होत्या.

"ताई, तुम्हाले माहीत आहे हे?"

"माह्या बाबाकडं घोडी होती," विमलताई म्हणाल्या. "मी अकरा वर्षाची होती. लपून शर्यतीत बसली. झेंडी पडली, अर्ध्यात आलतो आमी, आन् बाबा मधी धावला. त्यानं मले खाली ओढलं. पोरीची जात म्हणे. घोडी तशीच पुढं गेली."

"मग?"

"मग काय. रेषेच्या पलीकडं गेली ते आलीच नाही." त्यांनी समोरच्या मातीकडं बोट केलं. "इथंच पडली होती मी."

शेवटची शर्यत आली. झेंडी पडली.

साधनाबाईंचा तळहात जमिनीवरच होता. टापा जवळ आल्या. अगदी जवळ आल्या आणि थांबल्या.

घड्याळ पळत राहिलं. एकेचाळीस गेले, पन्नास गेले. विठ्ठलराव उठून उभे राहिले.

विमलताई काठी न घेता उठल्या. दोराखालून वाकून मैदानात गेल्या आणि पदरातले तुरीचे दाणे ओंजळीत घेऊन पुढं धरले.

दाणे खाली पडले नाहीत. ओंजळ मात्र रिकामी झाली.

"आत्या!" विठ्ठलरावांनी हाक मारली. विमलताईंनी मान वळवली नाही. उजवा हात खांद्याच्या उंचीला नेऊन हवेत टेकवला, आणि चालू लागल्या. लंगडत नव्हत्या. हात तसाच टेकलेला, ओठ हलत होते. हजार माणसांत कोणी खोकललं नाही.

विमलताई रेषेपासून दोन पावलं मागं होत्या, तेव्हा घड्याळ थांबलं.

झेंडीवाल्यानं खाली बसून घटाघटा पाणी प्यायलं, मग झेंडी उचलली. शर्यत सुरू झाली, संपली, एक काळा घोडा जिंकला, आणि लोकांना एकदम आवाज फुटला.

परतताना ऊन कलत होतं. दीपानं बसलेल्या आवाजात गाणं धरलं, बाकीच्यांनी टाळ्या. साधनाबाईही गायल्या, आश्चर्य म्हणजे त्यांना भीती वाटत नव्हती. विमलताई खिडकीशी बसून हसत होत्या. इतक्या मोकळ्या त्या कधी दिसल्या नव्हत्या.

"देवीलाल, हळू घे बावा," त्या दोनदा म्हणाल्या. "घाई काहून करतो?"

देवीलालनं आरशात पाहिलं. गाडी हळू केली. मग पुसद येईपर्यंत त्यानं आरशात पाहिलंच नाही.

पहिलं घर विमलताईंचं. त्या उतरल्या, सगळ्यांना हात केला. त्यांच्या अंगणाला लोखंडी फाटक आहे. माणसाला आत जायला त्याचं एक दार पुरतं.

त्यांनी दोन्ही दारं सताड उघडली. बाजूला सरून क्षणभर थांबल्या. मग आत गेल्या आणि फाटक लावून घेतलं.