हळू बोला, बाळ झोपलंय

समुद्रकाठच्या सूस शहरातल्या एका प्रसूतिगृहात ड्रिल पुन्हा घरघरलं, आणि ओल्फासमोर जेमतेम डोळा लागलेलं बाळ भोकाड पसरून जागं झालं.

नवजात बाळांचे कान तपासणं हे तिचं काम. त्याला खोली शांत हवी, बाळ गाढ झोपलेलं हवं... ती तरातरा व्हरांड्यात आली. एक तरुण पाठमोरा उभा राहून नव्या खिडकीची चौकट बसवत होता.

"ओ मिस्त्री! थांबा जरा!"

तो ढिम्म हलला नाही.

"अहो, बहिरे आहात का?"

ड्रिल थांबलं. तो वळला, खिशातून दोन श्रवणयंत्रं काढून त्याने कानांमागे अडकवली आणि हसला. "हो, आहे. शेवटचं तेवढं काचेत दिसलं... तुमचे ओठ."

ओल्फाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याचं नाव मुईझ. त्यानंतर तिचं दार बंद दिसलं की तो ड्रिल खाली ठेवायचा आणि पायरीवर बसून साखरेत घोळलेला, गरम तळलेला बम्बलूनी वडा खायचा. अर्धा तिच्यासाठी कागदात गुंडाळलेला असायचा.

"आज सगळे पास?"

"सगळे."

"मग माझे कान कधी तपासताय?"

"इथे फक्त तान्ही बाळं तपासतात."

"आई म्हणते, मी अजून तान्हाच आहे—"

"ते दिसतंच आहे!" म्हणून ती वळायची, पण हसू काही लपायचं नाही.

एका पावसाळी सकाळी मात्र तो हसला नाही. त्याची बहीण इन्साफ बाळंत झाली होती. त्याने भाचीला दुपट्यात गुंडाळून आणलं होतं. ओल्फाने बाळाच्या कानात मऊ रबरी बोंड बसवलं. यंत्र बारीक टकटक आवाज सोडतं. कान निरोगी असेल तर आतून तसाच पुसटसा प्रतिध्वनी परत येतो. उजव्या कानातून काही आलं नाही. डाव्यातूनही नाही.

"माझ्यावर गेली," मुईझ पुटपुटला.

"असं लगेच म्हणायचं नसतं. पहिल्या दिवसांत कानात ओल असते, चिकटा असतो. पुढच्या महिन्यात दुसऱ्या पद्धतीने बघू."

"खरं सांगताय, की समजूत घालताय?"

"खरं. आणि नाहीच ऐकू आलं, तरी आपल्याला आत्ताच कळेल. वेळेवर यंत्र लागेल, बोलायलाही शिकेल."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "माझ्या बाबतीत घरच्यांना मी चार वर्षांचा झाल्यावर कळलं. तोवर मला वाटायचं, पाऊस नुसता दिसतो."

ओल्फाने नोंदवहीत पुढच्या महिन्याची तारीख लिहिली. आजवर इतकी बाळं तपासली, पण रात्री उशाशी घेऊन झोपावी अशी काळजी तिला कुणाचीच लागली नव्हती. ही लागली.

पुढच्या महिन्यात इन्साफ आली. बाळ तिच्या मांडीवर दूध पिऊन झोपलं होतं. ओल्फाने त्याच्या कपाळावर आणि कानांमागे तारा जोडलेल्या चिकटपट्ट्या लावल्या आणि यंत्राची टकटक पुन्हा सुरू केली. आवाज मेंदूपर्यंत पोचतो का, ते यावरून कळणार होतं. मुईझ भिंतीला टेकून उभा होता. पडद्याकडे बघायचा त्याला धीरच होईना. तो ओल्फाकडेच बघत होता...

उजवा कान. हिरवी खूण. मग डावा—

हिरवी!

बाळ जागं होऊ नये म्हणून ओल्फाने नुसतेच ओठ हलवले. "ऐकतेय. दोन्ही कानांनी."

मुईझ भिंतीला पाठ घासत मटकन खाली बसला आणि रडता रडता हसायला लागला. इन्साफने डोळे पुसले. ओल्फालाही मोकळा श्वास घेता आला, किती दिवसांनी!

तो उठून तिच्याजवळ आला. अगदी कुजबुजायचं म्हणून वाकला. पण श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या नेमक्या तेव्हाच संपल्या होत्या, आणि आपला आवाज केवढा निघतोय हे त्याला कळेना.

"ओल्फा, तू मला फार आवडतेस! लग्न करशील माझ्याशी?"

अख्खं प्रसूतिगृह दणाणलं. बाळ दचकून किंचाळलं. व्हरांड्यातल्या बायकांनी, तिथे लग्नात करतात तशी, जिभा हलवत आनंदाची आरोळी ठोकली.

"उत्तर दे गं बाई," इन्साफ बाळाला थोपटत म्हणाली, "नाहीतर परत विचारेल हा, आणि याहून मोठ्याने!"

लाजून लाल झालेल्या ओल्फाने त्याचा हात धरला. त्याला दिसावं म्हणून चेहरा वर केला.

"रविवारी घरी ये, कुसकुस खायला. आणि बॅटऱ्या नव्या घालून ये... माझी आई फार हळू बोलते."