हिरव्या ठिपक्याचं कुलूप

आमच्या उपकेंद्रात यार्डात काम करणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचं कुलूप असतं. लाइनची वीज तोडली की स्विचच्या हँडलला ते लावायचं, किल्ली खिशात टाकायची आणि मगच वर चढायचं. उतरल्यावर ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं आणि कंट्रोल रूममध्ये आपल्या खुंटीवर अडकवायचं. हँडलला कुलूप आहे, म्हणजे आत माणूस आहे. सुरक्षा अधिकारी म्हणून नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवते.

कुलपं सगळी सारखी, पितळी. फक्त मामांच्या कुलपावर हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका होता. मामा म्हणजे आमचे सर्वांत जुने फिटर. ठिपका मामींनी लावलेला. "नाहीतर दुसऱ्याचं उचलून आणतील. चष्म्याचंही तसंच करतात," असं म्हणून.

मामा दोन नंबरच्या लाइनवर गेले. ते वर असताना खालून उपकेंद्राच्या हेडसाहेबांनी वीज सोडली. चौकशीत साहेब म्हणाले, "हँडलला कुलूप नव्हतंच. असतं तर मी हात लावला असता का?" कुलूप कुठे सापडलंही नाही. समितीनं लिहिलं : हँडलवर कुलूप आढळले नाही. मृताचा निष्काळजीपणा.

मामी माझ्याकडे आल्या. रडल्या नाहीत. "घराची कडी दोनदा ओढून बघणारा माणूस तो, बाई. मला बाकी काही नको. तो एक शब्द तेवढा खोडून द्या."

पुराव्याशिवाय कोण खोडणार?

पुढच्या महिन्यात एका सकाळी ऑपरेटर तात्यांनी मला यार्डात बोलावलं. दोन नंबरच्या हँडलला कुलूप होतं. त्यावर हिरवा ठिपका. ऊन अजून कुंपणाच्या भिंतीवरून उतरलं नव्हतं, तरी पितळ हाताला गरम लागलं.

साहेब आले. कुलूप पाहून त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"कुणाचा चावटपणा आहे हा? तोडा ते."

"ज्याचं कुलूप त्यानं काढायचं, साहेब," तात्या म्हणाले. "माझा हात नाही लागायचा."

"मग बोलवा त्याला वरून!"

कुणी हसलं नाही. साहेब स्वतःच्या जीपकडे गेले. सीटखाली हात घातला आणि न चाचपडता कटर बाहेर काढला. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली खडीकडे. कडी कट्ट करून तुटली. तुकडे मी माझ्या खणात ठेवले आणि खणाला किल्ली लावली.

दुसऱ्या दिवशी कुलूप पुन्हा हँडलला. अखंड. माझा खण जसाच्या तसा बंद होता आणि आतून रिकामा.

मी हँडलसमोर कॅमेरा लावला. चित्रणात एका चौकटीत हँडल मोकळं आहे, पुढच्या चौकटीत कुलूप आहे. मधे काही नाही. कॅमेरा मी बदलून पाहिला. तेच.

साहेब रोज सकाळी सर्वांच्या आधी येऊन कुलूप कापू लागले. एकदा मी त्यांच्या मागे उभी आहे हे त्यांना कळलं नाही. ते कुलपाशी बोलत होते.

"त्या दिवशी एकदाच कापावं लागलं होतं. आता किती वेळा रे?"

मग त्यांनी वळून पाहिलं. "काय ऐकलंत, मॅडम?"

"सगळं."

"बरं." त्यांनी कटर खांद्यावर टाकला. "तुकडे आहेत का दाखवायला?"

नंतर एका सकाळी हँडल मोकळं दिसलं. दिवसभर मोकळंच राहिलं. साहेबांचा जीव भांड्यात पडला. दोन नंबरचे वरचे सांधे तपासायचे राहिले होते आणि एकही फिटर तिथे चढायला तयार नव्हता. "बायकांसारखे घाबरता," असं त्यांना सुनावून साहेब स्वतः निघाले.

वीज तोडली. लाइनवर विजेचा दाब नाही हे मी उपकरणानं तपासलं आणि तिला जमिनीशी जोडणारे दांडे लावले. साहेबांनी हँडलला आपलं कुलूप लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. ते चढले. मी हँडलपाशी उभी राहिले.

वारा पडला होता. शेजारच्या ट्रान्सफॉर्मरची घरघर तेवढी चालू होती.

"मॅडम," साहेब वरून म्हणाले, "तुमच्या शेजारी कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग कटर कुणाच्या हातात आहे?"

मी वळून पाहिलं. मागे खडी होती आणि माझी सावली.

कट्ट.

हँडलला कुलूप नव्हतं. खाली काही पडलंही नव्हतं.

"मामा, नको!" साहेब ओरडले. "कुलूप आहे! मी आत आहे!"

हँडल हललं नाही. दांडे जागच्या जागी होते.

ना ठिणगी, ना आवाज. फक्त जळका वास खाली आला.

डॉक्टरांनी विजेचा धक्का असं लिहिलं. मेलेल्या लाइनवर तो कसा बसला, ते त्यांनी मला विचारलं. मी त्यांना उपकरणानं नोंदवलेले शून्याचे आकडे दाखवले. समितीला मात्र मी सगळं सांगितलं. साहेबांनी मामांचं कुलूप कापल्याचं कबूल केलं होतं, तेही. पुरावा मागितला गेला. मग खडी चाळली, नाली उपसली, साहेबांचे खिसे तपासले. किल्ली मिळाली. कुलूप नाही.

समितीनं लिहिलं : हँडलवर कुलूप आढळले नाही. मृताचा निष्काळजीपणा.

ती माणसं गेल्यावर मी कंट्रोल रूममध्ये आले. तात्या पाठ करून चहा ओतत होते. साहेबांची खुंटी रिकामी होती.

मामांच्या खुंटीवर हिरव्या ठिपक्याचं कुलूप अडकवलेलं होतं, काम संपवून उतरलेला माणूस अडकवतो तसं.

मी हात लावला. आता ते गार होतं.