पहिला डबा शेवटी

मंचरहून निरगुडसरला निघालेल्या एसटीत एकच सीट रिकामी होती, आणि तिच्यावर पत्र्याचे तीन चपटे डबे ऐटीत बसले होते. डब्यांचा मालक खिडकीबाहेर बघत होता... की बघायचं सोंग करत होता, देव जाणे.

"ओ पावणं, डब्यांचं तिकीट काढलंय का?" वृषालीने विचारलं.

"डब्यात बाई हाये, ताई. लई रडती. म्हणून जरा निवांत बसवलंय तिला."

मागच्या सीटवरून कुणीतरी फिस्सकन हसलं. वृषालीला हसायचं नव्हतं, पण हसू आलंच. डबे उठून त्याच्या मांडीवर गेले.

तो खोडदचा अमृत. त्याच्या आज्याची तंबू टॉकीज होती. तंबू कधीच विरला. मशीन आणि या तीन डब्यांतला एक मुका सिनेमा तेवढा उरला होता. निरगुडसरच्या यात्रेत, तमाशाच्या आदल्या संध्याकाळी, तो दाखवायचा होता. पण मुक्या सिनेमात पडद्याशेजारी उभं राहून कुणीतरी गोष्ट सांगावी लागते. पूर्वी आजा सांगायचा.

"तुमी सांगाल का? मघाशी गाडी थांबवायला जी हाक मारलीत ना... इंजिनसुद्धा दचकलं!"

"मी उभी राहिले तर लोक सिनेमा नाय बघायचे. मलाच बघतील," ती म्हणाली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

माघात तिचं लग्न होतं. पत्रिका वाटून झाल्यावर नवऱ्या मुलाने नकार कळवला, कारण न सांगता. मग कारणं तिच्या गावाने, निरगुडसरनेच पुरवली. तेव्हापासून ती चार माणसांत जाईनाशी झाली होती. हे सगळं तिने एका अनोळखी माणसाला सांगून टाकलं, आणि मग तिला स्वतःचाच राग आला.

अमृत एवढंच म्हणाला, "बघा, गोष्ट सांगता येती की तुमाला!"

निदान तालमीला ती तयार झाली. शाळेच्या वर्गात, खिडक्यांना घोंगड्या लावून तालीम झाली. पहिल्या डब्यात विहिरीवरची भेट, ओंजळभर पाणी, देवळात गुपचूप घातलेल्या माळा. दुसऱ्यात तो शहराला निघून जातो. त्याची पाठ तेवढी दिसते. तिसऱ्यात गाव तिलाच दोष देतं, दारं लावून घेतं, आणि ती एकटी माळरानावरून चालत राहते. तिथे आल्यावर वृषाली पडद्यापासून बाजूला झाली.

"नाय जमायचं मला. हा शेवट... सगळ्या गावापुढं?"

"शेवट माझ्यावर सोडा. तुमी फकस्त या... याल ना?"

ती खिडक्यांवरच्या घोंगड्या काढू लागली. पण यात्रेच्या दिवशी जांभळी साडी नेसून, मोगरा माळून हजर झाली, याला उत्तर म्हणायचं नाही तर काय!

दिवेलागणीला देवळामागच्या पटांगणात माणूस मावत नव्हता. वाऱ्याने पडदा फुगत होता. मशीन खडखडलं आणि पडद्यावर शहराला निघालेल्या माणसाची पाठ आली. हा तर दुसरा डबा!

"अहो... चुकलं!" ती पुटपुटली.

अमृतने भिंग फिरवत नुसतीच मान डोलावली... सांगा, सांगा!

काय करते? "एक व्हती बाई," तिने सुरुवात केली. "तिचा माणूस शहराला गेला..."

तिसरा डबा आला. पडद्यावर दारं बंद होऊ लागली. पुढच्या रांगेतली एक बाई वृषालीकडे बघत शेजारणीच्या कानाला लागली. वृषालीला ते दिसलं, आणि पाठ केलेलं सगळं तिने सोडून दिलं.

"हिनं काय केलं व्हतं? काय बी नाय! सोडून गेला तो. आन् तोंड लपवायचं हिनं?"

 मग म्हाताऱ्या साळुबाईचा खणखणीत आवाज आला, "आगं बया, मग मान खाली कशापायी घालती? वर कर की!"

साळुबाई हे पडद्यावरच्या बाईला म्हणाल्या होत्या. तिने काही ऐकलं नाही. वृषालीने ऐकलं.

आता लागला पहिला डबा. माळरान सरलं, विहीर आली, आणि विहिरीवर एक हसरा तरुण! वृषालीला अमृतचा कावा कळला, आणि तिचा आवाज एकदम हलका झाला.

"हा दुसराच हाय बरं का! ह्याला लोकांचं बोलणं समदं ठाऊक हाय. तरी बी हिच्याकडंच पाणी मागतोय..."

"दे गं, दे पाणी!" बायका ओरडल्या. ओंजळ भरली. माळा पडल्या. शिट्ट्यांनी देवळावरची पाखरं उडाली.

गलक्यातच ती मशीनपाशी गेली. "डबा चुकून लागला?"

"लहानपणापास्नं मशीन चालवतोय. चुकंल कसा?" अमृतने घाम पुसला. "पहिला डबा शेवटी लावला की बाईचं बरं व्हतं... तेवढंच बघितलं. आन् तुमचं बी बरं व्हावं असं... लई वाटतं मला. आमच्या घरच्यांना घिऊन येऊ का तुमच्याकडं? मागणी घालायला?"

वृषालीने त्याच्याकडे पाहिलं. मग उठू लागलेल्या, सतरंज्या झटकणाऱ्या गावाकडे पाहिलं. माघात झालं ते या सगळ्यांच्या देखत झालं होतं. ती तरातरा पडद्यापाशी गेली आणि तिने माईक उचलला.

"बसा जरा! उद्यापास्नं नव्या गोष्टी रचायचा तरास नको, मीच सांगते. खोडदच्या ह्या अमृतनं मला आत्ताच मागणी घातलीया. आन् मी हो म्हणलीया!"

मशीनजवळ उभ्या अमृतला आपलं उत्तर सगळ्या गावाबरोबरच कळलं.