पूर्वेच्या खिडकीचा फ्लॅट

“फ्लॅटसोबत तुम्हीही विकायला आहात का?”

मागून आवाज आला आणि संगमेश असा दचकला की मोबाइल बेसिनमध्ये पडता पडता वाचला. बाथरूमच्या दारात एक मुलगी उभी होती. खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग, काखेत ट्रायपॉड, ओठांत दाबून धरलेलं हसू.

“म्हणजे?”

“आरशात बघा की. प्रत्येक फोटोत तुम्ही दिसून राहिलात. अन् कमोडचं झाकण उघडं आहे.”

नांदेडच्या तरोडा नाक्याजवळच्या त्या रिकाम्या फ्लॅटच्या मालकानं एकाच सकाळी दोन एजंटांना फोटो काढायला बोलावून ठेवलं होतं. एकाकडून आली होती धम्मप्रिया सोनकांबळे, दुसऱ्याकडून संगमेश. उदगीरला वडिलांच्या अडत दुकानात जीव रमेना म्हणून तो महिन्यापूर्वीच महादेवप्पामामांकडे आला होता. मामा घरं विकायचे. भाच्यानं त्या घरांचे फोटो काढून साइटवर टाकायचे, काम एवढंच. पण त्याच्या फोटोतल्या भिंती पिऊन आल्यासारख्या झुकलेल्या असायच्या.

“शिकवता का मॅडम?”

“फी लागंल.”

“किती?”

“रोज एक चहा. अन् मॅडम म्हणायचं बंद.”

त्या डिसेंबरात तो खरंच शिकला. धम्मप्रिया कुणाकडे नोकरीला नव्हती. ज्याचं काम असेल त्याचं करायची, त्यामुळं मामांची कामंही हळूहळू दोघं मिळूनच करू लागले. कॅमेरा छातीच्या उंचीवर धरायचा. दाराची कड आणि फोटोची कड बरोबर लागली पाहिजे. पडदे उघडे, दिवे चालू, पंखा बंद. पूर्वेच्या खोल्या सकाळी उरकायच्या, पश्चिमेच्या चारनंतर. त्याचा हात खाली आला की ती दोन बोटांनी त्याचं कोपर वर उचलायची, बास, इतकंच. पण मग पुढचे दोन-तीन फोटो हमखास हलायचे.

“थंडी वाजून राहिली का?” ती विचारायची.

“नाही... लेन्स जड आहे.”

“मोबाइलला कुठली रे जड लेन्स?”

एकदा लातूरला नव्या रो-हाऊसचे फोटो होते. सकाळच्या बसनं दोघं गेले. हॉलमध्ये ऊन यायला अवकाश होता, म्हणून ती खिडकीच्या कठड्यावर टेकली. केसांतून उजेड आला... त्यानं न राहवून बटण दाबलं.

“घराचे काढ. माझे नको.”

“घराचाच काढून राहिलो,” तो म्हणाला.

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली, आणि अहमदपूर सोडल्यावर कधीतरी तिचा हात त्याच्या हाताला लागला तो नांदेड येईपर्यंत तसाच राहिला.

तिचे वडील पाटबंधारे खात्यात होते. विष्णुपुरीच्या सरकारी क्वार्टरमध्येच ती वाढली. मार्चमध्ये वडील निवृत्त होणार, मग क्वार्टर सोडावं लागणार होतं. घरात जिकडंतिकडं हाच विषय.

जानेवारीत मामांकडे तो फ्लॅट आला. तिसरा मजला, पूर्वेला मोठी खिडकी असलेलं स्वयंपाकघर, गॅलरीतून लांबवर गोदावरीची चंदेरी रेघ. वीस मिनिटांच्या कामाला तिनं दोन तास लावले. ओट्यावर हात फिरवला. खिडकी उघडून बघितली, लावून बघितली.

“किती फोटो काढशील?”

“हे विकायला नाही काढत. आईला दाखवायचेत.” मग त्याच्याकडे न बघता, “इथून तुमचं ऑफिस पण जवळ आहे...”

त्या ‘पण’मध्ये काय काय होतं ते संगमेशला नीट कळलं. तो दिवसभर उगीच हसत होता.

रविवारी संगमेशनं तिच्या आई-वडिलांना फ्लॅट दाखवला. दोघांना आवडला. मामांनी गोड बोलून चहा पाजला, फॉर्म भरून घेतला. मंगळवारी त्यांनी संगमेशला केबिनमध्ये बोलावलं.

“सोसायटीवाल्यांचा फोन होता. आडनाव बघून नको म्हणून राहिले.”

“मामा, सरकारी नोकरीतली माणसं आहेत ती...”

“मला कळत न्हाई का? पण त्याच बिल्डिंगमधले अजून चार फ्लॅट आपल्याकडं हाईत. तू सांग तिला, बुक झाला म्हणून. तुझी ओळख हाय, तू सांगितल्यानं वाईट वाटणार न्हाई.”

वडिलांशी भांडून संगमेश इथं आला होता, मामांनी ठेवून घेतलं होतं. आणि एक विचार त्याहून खोल टोचत होता. आज हिच्या बाजूनं बोललो तर मामा विचारतील, तुझी कोण लागते ती? त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची त्याची अजून तयारी नव्हती.

संध्याकाळी ती ऑफिसच्या पायरीशी स्कूटी लावून उभी होती.

“बाबांनी टोकनचं विचारलंय. कधी येऊ?”

“धम्मा... तो बुक झाला.”

“कधी?”

“काल. म्हणजे... काल संध्याकाळी.”

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग “बरं,” म्हणाली आणि हेल्मेटचा पट्टा लावू लागली. तो दोनदा निसटला.

आठ दिवसांनी तिचा मेसेज आला. एक शब्दही नव्हता, नुसता साइटचा स्क्रीनशॉट. तिनंच काढलेला स्वयंपाकघराचा फोटो आणि खाली हिरव्या अक्षरांत ‘उपलब्ध’. संगमेशनं उत्तर लिहिलं, पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. दुसऱ्या दिवशी फोन केला तर तिनं उचलला नाही. मार्चमध्ये कळलं, सोनकांबळे कुटुंब लातूरला गेलं.

दिवाळीनंतर संगमेशनं मामांचं काम सोडलं. उदगीरला स्वतःचं सुरू केलं, आता भिंती सरळ यायच्या. आणि मग एका दुपारी, पत्ता शोधत शोधत, तो लातूरला तिच्या दारात उभा राहिला.

तीच बाहेर आली. क्षणभर थबकली. “ये.”

हॉलमध्ये बसल्यावर बसमध्ये पाठ केलेलं सगळं विसरून तो एकच वाक्य बोलला, “तो फ्लॅट बुक झाला नव्हता.”

“माहीत आहे. पायरीवरच कळलं होतं.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“वाट बघत होते. आज सांगशील, उद्या सांगशील... आठ दिवस.” तिचा आवाज शांत होता, तोच त्याला सोसवेना. “फ्लॅट नाही मिळाला, असं आधीही झालंय रे आमच्यासोबत. तू नुसतं म्हणाला असतास ना, धम्मा, ते नको म्हणतायत... तर मी तुझ्या गाडीवर मागं बसले असते. घर कुठंही बघितलं असतं आपण.”

‘आपण’ म्हणाली आणि थांबली.

“आता नाही का...”

“नाही संगमेश. राग नाही माझा. पण पुन्हा कधी तू बोलता बोलता अडखळलास की मला तीच पायरी आठवंल.”

आतून तिची आई चहा घेऊन आली. “नांदेडच्या ऑफिसातले ना तुम्ही? ओळखलं की. घर बघून जा हं आमचं. लहान आहे, पण बरं आहे. तिथला तो फ्लॅट लई मनात भरला होता बघा... पण आमच्या आधीच कुणी बुक केला, त्याला कोण काय करणार?”

कप संगमेशच्या हातात तसाच राहिला. त्यानं धम्मप्रियाकडे बघितलं. तिनं किंचित मान हलवली. नको.

त्यानं घर बघितलं. चांगलं आहे म्हणाला. काकूंच्या पाया पडला.

फाटकापर्यंत ती सोडायला आली.

“त्यांना अजून...”

“तू सांगितलंस तेच मी सांगितलं. तू त्यांना फार आवडला होतास.” ती फाटकाच्या कडीशी बोटं चाळवत राहिली. “म्हटलं, राहू दे. एवढं तरी.”

त्याला खूप काही बोलायचं होतं. तो बोलला नाही, आणि या वेळी ते तिच्यासाठीच होतं. स्टँडवर उदगीरची गाडी लागलेलीच होती. कंडक्टरनं दोनदा विचारलं, “कुठं?” तेव्हा कुठं त्याच्या तोंडून गावाचं नाव निघालं.